पाचव्या दिवसाचा रकाना

"बाई, खरं दाबलं की लाल होतं."

एवढंच म्हणाली ती, आणि टॅब मांडीवर सरकवून पुढच्या प्रश्नाकडे वळली. आवाजात तक्रार नव्हती. पाण्यात दगड टाकला की बुडतो, हे जितक्या सहज सांगावं तितक्या सहज तिने मला तो नियम सांगितला. तिसरीतली मुलगी. समोर तिचा पारदर्शक पेला, पेल्यात कापूस, कापसावर घेवड्याच्या तीन बिया. त्या दिवशी पाचवा दिवस होता. शेजारच्या पेल्यांमध्ये पांढरी मुळं कापसात शिरली होती, हिच्या बिया मात्र फुगून, काळपटून जागच्या जागी पडल्या होत्या. टॅबवर प्रश्न आला : 'पाचव्या दिवशी तुमच्या बीमध्ये कोणता बदल दिसला?' खाली चार चित्रं. तिने पेला उचलला, डोळ्यांपाशी नेला, खालून पाहिला, वरून पाहिला, एका बीला नखाने हलकेच टोकलं. मग 'काहीच बदल नाही' या चित्रावर बोट ठेवलं. चित्राभोवतीची चौकट लाल झाली. ती जरा थांबली आणि तिने 'मूळ बाहेर आले' दाबलं. चौकट हिरवी, वर एक चांदणी, टाळ्यांचा आवाज. मी मागेच उभी होते. "अगं, तुझ्या बीला मूळ आलंय कुठे?" असं मी विचारलं, त्यावर तिचं ते उत्तर.

तो प्रश्न मी तयार केला होता. आदल्या रात्री बसून, चित्रं निवडून, 'मूळ बाहेर आले' यापुढे बरोबरची खूण करून. खूण केल्याशिवाय ॲप पुढे जाऊ देत नव्हतं, आणि त्या क्षणी मला त्यात काही खटकलंही नाही. पाचव्या दिवशी घेवड्याला मूळ येतंच. धड्यात तसंच आहे. फक्त माझा प्रश्न घेवड्याबद्दल नव्हता, 'तुमच्या बी'बद्दल होता. आणि तिच्या बीमध्ये काय झालं हे तिच्याखेरीज कुणालाच माहीत असणं शक्य नव्हतं, तरी त्याचं उत्तर मी आधीच ठरवून ठेवलं होतं.

मुलं घरी गेल्यावर डॅशबोर्ड उघडला. ३१ पैकी ३१ बरोबर. पडदाभर हिरवा रंग. मग खिडकीशी गेले आणि पेले मोजले. ९ पेल्यांमध्ये काहीही रुजलं नव्हतं. पुन्हा मोजले. ९च.

तिचा पेला नाकाशी नेला तेव्हा आंबूस, कुजका वास आला. कापूस ओला नव्हता, तरंगत होता. पेल्यात बोटाची दोन पेरं उंच पाणी होतं. एवढं पाणी हिने का घातलं असेल, याचा विचार करत मी तिथेच उभी राहिले, आणि थोड्या वेळाने एक जुनी गोष्ट आठवून अंगावर काटा आला. जुनी म्हणजे आठवड्यापूर्वीची. बिया पेरायच्या आदल्या दिवशी मी स्मार्ट बोर्डवर एक सिम्युलेशन दाखवलं होतं. मातीत बी, खाली तीन स्लायडर : पाणी, ऊब, प्रकाश. पाण्याचा स्लायडर उजवीकडे ओढला की बी फुगायची, टरफल तडकायचं, मूळ सरसर खाली उतरायचं. आणखी ओढला की आणखी भराभर. अगदी शेवटपर्यंत ओढला तरी वाईट असं काही होत नव्हतं. मुलं ओरडत होती, "अजून, अजून!" बोर्डापाशी उभं राहून टाचा उंचावून तो स्लायडर शेवटच्या टोकाला नेणारी हीच होती. पुढचे चार दिवस प्रत्येक सुट्टीत ती पेल्यात पाणी घालत होती. मी ते पाहत होते आणि मनातल्या मनात तिचं कौतुक करत होते.

त्या सिम्युलेशनमध्ये हवेचा स्लायडरच नव्हता. कोरडी बी निजलेली असते. पाणी आत शिरलं की ती जागी होते, साठवलेलं अन्न मोडू लागते आणि श्वास घेऊ लागते. त्या वेळी तिला ऑक्सिजन लागतो, भरपूर लागतो. ओल्या कापसाच्या धाग्यांमध्ये हवा असते म्हणून तिथे बी रुजते. बुडालेल्या कापसात ती जागा पाण्याने भरून जाते, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. बी जागी होते आणि गुदमरते. मग जिवाणूंचं राज्य. प्रकाशाचा स्लायडर मात्र होता, आणि घेवड्याच्या बीला रुजायला प्रकाशाची गरजच नसते. पाणी, हवा आणि ऊब, या तीन गोष्टी मी कितीतरी वर्षं फळ्यावर लिहिल्या आहेत. मधला शब्द मुलं पाठ करतात, पण तो त्यांना दिसत नाही. तिच्या पेल्यात तो पहिल्यांदा दिसण्याजोगा झाला होता, नसल्यामुळे. वर्षभरात हवेवरचा इतका चांगला धडा माझ्या वर्गात आला नसता. आणि नेमक्या त्याच पेल्याला आम्ही लाल चौकट दिली.

त्या रात्री माझ्या शाळेतली प्रयोगवही आठवली. उजव्या पानावर रेघा, डाव्या कोऱ्या पानावर आकृती. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. शीर्षकं निळ्या शाईने, मजकूर काळ्या, खाली पट्टीने आखलेली दुहेरी रेघ. वही तपासायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे प्रयोग एका बैठकीत 'करत' असू. एकीची वही मध्ये ठेवायची, चौघींनी भोवती बसायचं. 'निरीक्षण : चुन्याचे पाणी दुधाळ झाले. अनुमान : बाहेर पडणारा वायू कार्बन डायऑक्साइड आहे.' चुन्याचं पाणी मी पहिल्यांदा पाहिलं ते बऱ्याच वर्षांनी, शिक्षिका झाल्यावर. ते इतकं नितळ असतं आणि फुंकर मारल्यावर त्यात आधी नुसतं धुकं उतरतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तरी माझ्या वहीत ते दुधाळ झालेलं होतं, शाबासकीच्या शेऱ्यासह. तेव्हा टॅबवर सगळं ढकलून मला मोकळं होता येणार नाही. रकाना आधीपासून भरलेलाच होता. पूर्वी त्याला निदान एक संध्याकाळ आणि दोन रंगांची शाई लागायची, आता एक बोट पुरतं.

कॉलेजात तर आम्ही जाणते होतो. लंबकाचा प्रयोग. वीस आंदोलनांचा वेळ मोजायचा, सूत्रात घालायचा आणि गुरुत्वत्वरण काढायचं. आमचं ९.४ येत होतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि वेळेच्या रकान्यात खोडरबर फिरलं. ९.७९ आलं. सर म्हणाले, छान. दोरीची लांबी आम्ही गोळ्याच्या केंद्रापर्यंत न मोजता फक्त गाठीपर्यंत मोजली होती, ही चूक तेव्हा कुणी शोधलीच नाही. शोधायचं कारणच आम्ही पुसून टाकलं होतं.

मोठी माणसंही यातून सुटलेली नाहीत. भौतिकशास्त्रज्ञ मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांच्या प्रयोगातून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला, तेव्हा हवेच्या श्यानतेची, म्हणजे वाहताना होणाऱ्या अडथळ्याची, त्यांनी घेतलेली किंमत किंचित चुकली होती, म्हणून त्यांचा आकडा थोडा कमी आला. १९७४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी अमेरिकेतल्या कॅल्टेक या विज्ञानसंस्थेच्या विद्यार्थ्यांसमोर बोलताना त्याच्या पुढची गोष्ट सांगितली. नंतरच्या लोकांनी तीच मोजणी केली, तेव्हा आकडा एकदम योग्य जागी पोचला नाही. तो थोडा वाढला, मग आणखी थोडा, असा हळूहळू सरकत गेला. कारण आकडा मिलिकनपेक्षा फार मोठा आला की माणसं आपल्या प्रयोगात चूक शोधत बसायची, आणि मिलिकनच्या जवळपास आला की तेवढ्या बारकाईने शोधत नसत. कसलेल्या प्रयोगशाळांमध्येही लाल चौकटीची भीती होती. आठ वर्षांच्या मुलीला ती एका प्रश्नात कळली.

याच्या उलट टोकाला सतराव्या शतकातला संशोधक व्हान हेल्मोंट. मला हा माणूस फार आवडतो. भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती त्याने कुंडीत भरली, तीत ५ पौंडांचं वाळुंजाचं रोप लावलं आणि ५ वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंड ३ औंसांचं झालं. माती पुन्हा वाळवून तोलली, तर जेमतेम २ औंस कमी भरली. झाड माती खाऊन वाढत नाही हे त्यातून दिसलं. 'म्हणजे झाड सगळं पाण्यापासूनच बनलं' हा त्याचा निष्कर्ष मात्र चुकला. गंमत अशी की वायू या अर्थाचा 'गॅस' हा शब्द त्यानेच रूढ केला, आणि झाड बरंचसं वायूतूनच घडतं हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये, हे सगळं छापलं गेलं. अनुमान चुकलं, पण निरीक्षण त्याने जसंच्या तसं मांडून ठेवलं होतं, म्हणून हवेचं काम कळल्यावर पुढच्यांना त्याच आकड्यांकडे परत येता आलं. ५ वर्षांचा आणि २ औंसांचा हा हिशोब माझ्या ॲपमध्ये टाकला असता, तर त्या काळच्या जाणत्यांनी माती हेच उत्तर बरोबर धरून ठेवलं असतं. त्याची चौकट लाल झाली असती.

हे लिहिताना मला भीती वाटते की वाचणारा म्हणेल, बाईंना पडदा नको आहे. तसं अजिबात नाही. मागच्या वर्षी मी जुना फोन एका स्टँडवर बसवून रुजत्या बीसमोर रात्रभर ठेवला. दर दहा मिनिटांना एक फोटो, १२ तासांत ७२ फोटो. सेकंदाला १२ या वेगाने लावले तर सगळी रात्र सहा सेकंदांत सरली. त्या सहा सेकंदांमध्ये मातीला आधी एक भेग गेली. मग तिच्यातून कोंबाची वाकलेली पाठ वर आली, डोकं अजून मातीतच. ओझं उचलणाऱ्या माणसासारखी ती पाठ ताणत ताणत सरळ झाली आणि दोन्ही डाळिंब्या मातीबाहेर ओढल्या गेल्या. वर्ग गप्प झाला. मग मागून एक मुलगा म्हणाला, "बाई, ते डुलतंय." मला दिसलं नव्हतं. पुन्हा लावलं. खरंच, कोंब वर येताना टोकाने हवेत गोल गोल घिरट्या घालत होता. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये याच घिरट्यांचा अभ्यास छापला. झाडासमोर काच धरायची, टोक जिथे दिसेल तिथे काचेवर ठिपका द्यायचा, काही वेळाने पुन्हा ठिपका, आणि मग ठिपके जोडायचे. तासन् तास. जुन्या फोनने ते ठिपके माझ्या वर्गात आणले, आणि पुस्तकात नसलेली गोष्ट एका मुलाने सगळ्यांच्या आधी पाहिली. हे हात आणि डोळे वापरून मला कधीच जमलं नसतं. पण ते जमलं, कारण त्या बारीक चित्रफितीला स्वतःचं बरोबर उत्तर नव्हतं.

सिम्युलेशनबद्दलही माझं मन एकसुरी नाही. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या फेट प्रकल्पाची सिम्युलेशन्स मी वर्षानुवर्षं वापरते. ती फुकट आहेत, आणि त्यांतलं विद्युतमंडल मला विशेष आवडतं. तारा जोडा, बल्ब लावा, तारेतून इलेक्ट्रॉन चालताना दिसतात. मुलांनी वाट्टेल ते जोडलं तरी हरकत नाही. बॅटरीची दोन टोकं थेट तारेने जोडली तर पडद्यावर ज्वाळा येतात, आणि मग ती ज्वाळा पुन्हा काढायला सगळा वर्ग पुढे धावतो. आधी खरी बॅटरी, खरी तार, एकच बल्ब हातात द्यायचा, आकृती दाखवायची नाही, दिवा लागेपर्यंत धडपडू द्यायचं, आणि पडदा नंतर, अशी माझी ठाम पद्धत होती. १९६०च्या दशकात अमेरिकेत प्राथमिक विज्ञानाचा जो नवा अभ्यासक्रम घडला, त्यात बॅटरी-बल्बचा पाठ असाच होता, आणि मला वाटायचं यापेक्षा योग्य क्रम असूच शकत नाही. मग फेटच्याच मंडळींचा २००५ मधला एक अभ्यास वाचला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने फक्त सिम्युलेशनवर सर्किटं जोडली, दुसऱ्याने खऱ्या सामानाने. नंतर खऱ्या तारा-बल्ब हातात दिल्यावर सिम्युलेशनवाल्यांनी जास्त चांगलं काम केलं, आणि ते समजावूनही जास्त नीट सांगितलं. मला ते आवडलं नाही, हे कबूल करायला हवं. दोन-तीन दिवस मी त्यात पळवाटा शोधत होते : ती मुलं मोठी होती, तिसरीतली नव्हती, वगैरे. मग लक्षात आलं, आकडा आपल्या मनासारखा आला नाही म्हणून मीही खोडरबर शोधते आहे.

तेव्हा पडदा की पेला, असा माझा झगडा राहिला नाही. मला छळतं ते ॲपमधलं 'बरोबर उत्तर निवडा' हे बटण, आणि त्याच्या शेजारचं घड्याळ. विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकल्या, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात असं त्यांना आढळलं. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांबायची, एरवी न बोलणारी बोलायची, आणि मुलंच प्रश्न विचारू लागायची. हे वाचल्यापासून मी मनात आकडे मोजून थांबायला शिकले. तीन सेकंद फार मोठे असतात. त्यांत पंख्याचा आवाज ऐकू येतो, कुणीतरी पेन्सिल पाडतं. इतकी वर्षं कमावलेलं ते थांबणं मी एका रात्रीत ॲपच्या उलट्या चालणाऱ्या घड्याळाला देऊन टाकलं. अभ्यासक्रमाच्या कागदांत सगळं नीट लिहिलेलं असतं : मुलांनी प्रश्न विचारावेत, तपासणीची आखणी करावी, नोंदींचा अर्थ लावावा, पुराव्यावरून वाद घालावा. अमेरिकेत २०१३ मध्ये आलेल्या विज्ञानाच्या मानकांत अशा आठ कृती बालवाडीपासून मांडल्या आहेत, आणि त्या मला मनापासून पटतात. पण रात्री साडेदहाला उद्याची चाचणी करायला बसलं की त्या आठांपैकी एकाचाही चौकोन ॲपमध्ये सापडत नाही. चार पर्याय आणि एक खूण, एवढंच हाताशी येतं. थकलेल्या माणसाला हाताशी आलेलं पुरेसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी ते ९ पेले मी टेबलावर मांडले. कुणाचे हे सांगितलं नाही, पण मुलांना आपापला पेला ओळखू येतोच. आधी सगळे नाक धरून मागे झाले, मग एकेक करून पुढे वाकले. "काय झालं असेल?" म्हटलं आणि मनात मोजत राहिले. एक, दोन, तीन, चार. "बी खराब होती," एकजण म्हणाला. "थंडी वाजली," दुसरी. दोन पेल्यांतला कापूस वाळून कडक झाला होता, ते लगेच सापडलं. उरलेल्या सातांपाशी सगळी अडली. ती मात्र काहीच बोलली नाही. आपला पेला उजेडाकडे धरून तिने तिरपा केला, पाणी एका बाजूला गेलं, पुन्हा सरळ केला. मग शेजारणीचा रुजलेला पेला घेऊन तोही तसाच तिरपा केला. त्यातून काहीच वाहिलं नाही. "बाई," ती म्हणाली, "हिच्यात पाणी नाहीये, तरी ओलं आहे." मी हो म्हणाले नाही. फार कठीण गेलं. हवा हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. तो मी गिळला, आणि तिला आणखी तीन पेले दिले.

चाचणीही बदलली. आता प्रश्नाखाली पर्याय नाहीत. एक फोटोची जागा, एक बोलायचं बटण, चांदण्या बंद. हे सगळ्यांना आवडलं असं नाही. काही मुलं चांदणी का येत नाही म्हणून हिरमुसली, एकाने तर टॅब बिघडला असं समजून तीनदा बंद-चालू केला. एका आईने विचारलं, "मग आमचा कितवा नंबर ते कळणार कसं?" प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे त्याला नीट उत्तर नव्हतं. शिवाय ३१ मुलांचे आवाज रोज ऐकायचे म्हणजे वेळ लागतो. हिरवा पडदा एका नजरेत वाचून होत असे. दोन दिवस मी सगळे ऐकले, तिसऱ्या दिवशी निम्मेच.

तिने तीन पेले केले होते : एक नुसता ओला, एक बुडलेला, एक कोरडा. स्वतःच ठरवून. प्रत्येकावर तिच्या ठसठशीत अक्षरांत चिठ्ठी. काल पुन्हा पाचवा दिवस होता. ओल्या पेल्याच्या नोंदीत तिचा आनंदाने चिरकलेला आवाज आहे, मागे दोन मैत्रिणी ओरडताहेत. बुडलेल्या पेल्याची नोंद आधी नुसती शांत आहे, मला वाटलं चुकून बटण दाबलं गेलं. मग वास घेतल्याचा आवाज येतो.

"काही झालं नाही," ती म्हणते. थोडं थांबून, "बुडबुडा पण नाही आला. परत वास येतोय. उद्या बघते."